माकडिणीच्या पिल्लाचं बारसं

आमच्या प्रयोगशाळेला आसपास कुणी प्रयोगशाळा म्हणत नसे. बारामतीबाहेर कालव्याच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, मागं जाळीचे पिंजरे आणि त्यांत काही माकडिणी. लोक तिला ‘मारुतीचा गोठा’ म्हणत. एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षं. पुण्याच्या एका कॉलेजानं हे काम माझ्यावर सोपवलं होतं. माकडाचं पिल्लू आईला कसं धरून राहतं, कधी सोडतं, घाबरलं की पुन्हा कसं येऊन बिलगतं, हे पाहायचं आणि लिहून ठेवायचं. लिहायचो मी. पाहायची माझी बायको. ती गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्याविषयी लिहायला बसलो की सगळ्यांत आधी त्या बारशाचा दिवस आठवतो, आणि एकटाच हसतो.

आमच्याकडं दोन कडक नियम होते, दोन्ही माझे. पिल्लांना नावं द्यायची नाहीत, फक्त आकडे. आणि पिल्लाला माणसाचा वास लागू द्यायचा नाही, कारण वास बदलला की आई त्याला ओळखेल याची खात्री नसते. त्या बारशाच्या आदल्या वर्षी एका आईनं पिल्लू टाकलं होतं. बायकोनं त्याला बोंडल्यानं दूध पाजलं, छातीशी धरून बसली, तरी ते जगलं नाही. त्यानंतर बरेच दिवस ती पिंजऱ्यांकडं फिरकली नव्हती. म्हणून पुढच्या वर्षी पिल्लू झालं तेव्हा आम्ही दोघंही त्याच्याकडं श्वास रोखून बघायचो.

त्या दिवशी मी जाळी आणायला इंदापूरला गेलो होतो. दुपारी सर्व्हिस मोटारीतून उतरून घराकडं आलो तर आतून पाळण्याचं गाणं ऐकू आलं. मला वाटलं, कुणाकडची लेकुरवाळी आली असेल.

आत शेजारच्या भाजीमळ्याची मालकीण, तिला आम्ही मावशी म्हणत असू, आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी बसल्या होत्या. मध्ये साडीची झोळी. झोळीत आमचं पिल्लू. डोक्याला कुंची, कपाळाला काजळाची तीट, अंगाला वेखंड, आणि सगळ्या खोलीत ओव्याच्या धुरीचा वास. मावशी त्याच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करायला वाकली होती.

“थांबा!” मी ओरडलो.

“का वं मास्तर?” मावशी म्हणाली. “बारा दिस झालं. देवाच्या लेकराचं बारसं न्हाय करायचं व्हय?”

मी बायकोकडं पाहिलं. “अहो, फडक्यात धरून वजन करायला बाहेर काढलं होतं,” ती म्हणाली, “तेवढ्यात या आल्या. आपल्याकडं बारसं म्हणून किती हौसेनं आल्या होत्या! नाही म्हणवेना मला.”

आमच्या घरात बारसं कधी झालं नव्हतं.

कुंची काढून आम्ही पिल्लू पिंजऱ्यात पोत्यावर ठेवलं. आई धावत आली, हुंगलं, दात दाखवून थेट वरच्या फळीवर जाऊन बसली. पिल्लू रडू लागलं. तिनं तोंड फिरवलं.

“काजळ काय वाईट दिसत न्हाय,” मावशी पुटपुटली. कुणी हसलं नाही.

मी आत जाऊन पुस्तकं काढली. पिल्लाला वेखंड फासल्यास काय करावं, हे एकाही विद्वानानं लिहिलेलं नव्हतं. अंघोळ घालावी तर गारठेल, वाट पाहावी तर भुकेनं जाईल. बाहेर आलो तेव्हा पिल्लाचा आवाज बारीक झाला होता आणि बायको जाळीला कपाळ टेकून उभी होती.

तिची नजर बारशाच्या घुगऱ्यांच्या पातेल्यावर गेली. तिनं ओंजळभर घुगऱ्या घेतल्या, पोत्यावर पिल्लाच्या भोवतीनं पसरल्या आणि आम्हा सगळ्यांना मागं सारलं.

माकडीण फळीवरून बघत राहिली. मग एक हात खाली. मग दुसरा. पिल्लाकडं पाठ करून तिनं गालांत हरभरे कोंबायला सुरुवात केली. पुढची मूठ भरायला ती पिल्लावरून वाकली, आणि ज्या पकडीवर मी पानंच्या पानं लिहिली होती ती पकड पिल्लानं दाखवली. दोन्ही मुठींत आईच्या पोटाचे केस! ती दचकून उडाली. पिल्लू लोंबकळत बरोबर. ती थांबली, खाली पाहिलं, गाल फुगलेलेच, आणि एका बोटानं कपाळावरची तीट खरवडू लागली. तीट गेली. पिल्लू दुधाला लागलं.

“घुगऱ्या खाल्ल्या,” मावशी जोरात म्हणाली, “आता पोर घ्यायलाच पायजे की!”

बायको हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. धुरीमुळं, असं तिनं सांगितलं.

अहवालात मी ‘खाद्य दिल्यावर आईनं पिल्लू स्वीकारलं’ असं लिहिलं. तिनं ते वाचून ‘खाद्य’ खोडलं आणि वर ‘घुगऱ्या’ लिहिलं. तसंच पुण्याला गेलं. पुढं आमच्याकडं प्रत्येक पिल्लाच्या बाराव्या दिवशी घुगऱ्या शिजत. मावशी आणि मैत्रिणी जाळीबाहेर बसून पाळणा म्हणत, आणि पहिली ओंजळ आईला मिळे. आकड्यांचा नियम मी शेवटपर्यंत पाळला. त्या पहिल्या पिल्लाला मात्र ती बारशाला ठरलेल्या नावानं हाक मारायची, आणि मी समोर उभा राहून आकडा पुकारला तरी ते वळून तिच्याकडंच बघायचं.