काल आपण जिंकलो

परदेशातल्या आमच्या व्हिटबी गावच्या लायब्ररीत एक गोरे आजोबा रोज एकशे दहा वर्षांपूर्वीचं, त्याच तारखेचं वर्तमानपत्र स्क्रीनवर उघडतात आणि त्या वेळच्या एका व्यावसायिक बेसबॉल टीमचा निकाल मला हळूच सांगतात, "काल हरलो." पुढच्या दिवसाचा अंक ते कधीच उघडत नाहीत.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एका दुपारी अख्खा सीझन स्क्रोल केला आणि छाती फुगवून त्यांना सांगितलं, "आपली टीम शेवटी तळाला जाते."

"माहीत आहे. हाच सीझन सलग चौथ्या वर्षी वाचतोय," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण काल आपण जिंकलो."

दुसऱ्या दिवशी, निकाल माहीत असूनही, मीच घाईघाईने जाऊन विचारलं, "काल काय झालं?"

"थांब," ते म्हणाले, "अजून पेपर उघडायचाय."