खालच्या मजल्यावरची शिकवणी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मला गणिताचा मास्तर व्हायचं होतं. पण केंद्र सरकारच्या परीक्षेत माझं नाव आलं, तेव्हा माझे गणिताचे गुरुजीच घरी येऊन म्हणाले, "मास्तर काय कुणीही होईल. तू दिल्लीला जा." त्यांचं ऐकलं ते बरंच झालं. बहिणींची लग्नं, वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्या नोकरीनं पार पाडलं. तिला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

सरोजिनी नगरात आम्हाला खालच्या मजल्यावरचं एका खोलीचं सरकारी क्वार्टर मिळालं. एकदा समोरची मुलगी अपूर्णांक विचारायला आली. मग तिच्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ. मी व्हरांड्यातल्या भिंतीला काळा रंग फासला, तोच फळा. ऑफिसातून येईपर्यंत पोरं ओळीनं बसलेली असत.

"आधे का आधा?"

"पाव!"

"और पाव का आधा?"

"आधा पाव, अंकल. सब्ज़ीवाले से पूछ लो!"

दिवसभर मी फायलींवर शेरे लिहीत असे. त्या फायलींचं पुढे काय होई, ते मला कधी कळलं नाही. इथे एखाद्याला उमगलं की लगेच त्याच्या तोंडावर दिसायचं.

मग माझी बढती झाली. बढती म्हणजे वरच्या टाइपचं, म्हणजे वरच्या श्रेणीचं मोठं क्वार्टर मागायचा हक्क. आमच्यात माणसाची ओळखच टाइपवरून व्हायची. स्थळ सांगतानाही "मुलाचे वडील टाइप चारमध्ये आहेत" असं सांगत. पण नवं घर मिळणार होतं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर पोरं कशी येणार? मी अर्ज लांबवत राहिलो.

"यार, लोक टाइप तीनसाठी देव पाण्यात घालून बसतात," शेजारचे सोलापूरकर म्हणाले. "तुम्ही काय इथे गुरुकुल काढणार?"

त्यांचं मी हसण्यावारी नेलं. बायकोचं नेता आलं नाही.

"अहो, तुमची शिकवणी चालते तेव्हा आपली पोर कुठे अभ्यास करते, बघितलंत कधी? स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली."

मुलगी म्हणाली, "बाबा, मला बस एक दार पाहिजे. बंद करता येईल असं."

मी अर्ज केला.

क्वार्टर सोडताना भिंत होती तशी करून द्यावी लागते. चुना मारायला पोरंच आली. "अंकल, वहाँ भी क्लास लगेगी?" मी "बिल्कुल" म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो होतो.

तिथे मुलीला दार मिळालं. ती खूप शिकली. पण त्या कॉलनीतली मुलं कोचिंगला जात. कुणी विचारायला आलं नाही. पुढच्या बढतीसाठी खात्याची परीक्षा होती, माझ्या संध्याकाळी तिनं घेतल्या. मग त्यापुढची बढती आली.

आता निवृत्त होऊन दिल्लीतच मयूर विहारला राहतो. मध्यंतरी लिफ्टजवळ चिठ्ठी लावली: गणित शिकवीन, फी नाही. एकच बाई आल्या.

"अंकल, फ्री क्यों? कोई कोचिंग चलाते थे?"

"नहीं, मिनिस्ट्री में था."

"अच्छा! किस पोस्ट पर?"

मी पद सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. मुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही; त्या आठवड्यात मला सोसायटीच्या कमिटीवर घेतलं. मान आहे, चहा वेळेवर येतो. संध्याकाळी मी पार्किंगच्या तक्रारी वाचत बसतो. बेल वाजली की चष्मा सारखा करून उठतो. वाटतं, दार उघडलं की बाहेर चपलांचा ढीग असेल आणि कुणीतरी वही पुढे करून विचारेल, हे असंच का, दुसरं का नाही?