थोरल्या साडूंची ठोकाठोकी

नाशिक शहर व परिसरातील समस्त नागरिकांस, विशेषतः ज्यांना भुवया, हनुवटी आणि काखा आहेत अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या थोरल्या साडूंनी ज्याला बोटांनी ठोकलेलं नाही असा एकही माणूस नाशिकरोडपासून येवल्यापर्यंत आता शिल्लक उरलेला नाही. कुणी तसा दावा करत असेल तर तो खोटं बोलतोय, किंवा साडूंनी ठोकलं तेव्हा तो झोपेत होता. झोपलेल्या माणसालाही साडू सोडत नसत! उलट, "झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या आहेत बघा," असं म्हणून त्याला आधी उठवत आणि मग शांत करत. या निवेदनात अतिशयोक्ती असलीच तर ती फार तर दहा-बारा माणसांची, आणि ती माणसंही तेव्हा परगावी गेलेली असणार.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नाशिकरोडला, नोकरी रेल्वेत, मनमाडला. गाडी स्टेशनात येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस रुळांच्या कडेकडेने डब्यांच्या चाकांवर ठोकत जायचा, तो तुम्ही पाहिला असेल. आपण खिडकीतून चहावाल्याला हाका मारत असतो, तेव्हा खाली हा माणूस मान तिरकी करून चाकाचा आवाज ऐकत असतो. खणखणीत वाजलं तर चाक शाबूत, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा. तीस वर्षं साडूंनी हे केलं. मग निवृत्त झाले आणि हाताला काम उरलं नाही. पण हात काही निवृत्त झाला नव्हता! पहिले तीन महिने त्यांनी घरातल्या यच्चयावत वस्तू ठोकून पाहिल्या. पिंप, परात, गॅसचं सिलिंडर, शेजाऱ्यांची स्कूटर. एकदा तर शेजाऱ्यांनी नवी तिजोरी आणली तेव्हा तिला दोन टोले देऊन "पत्रा हलका आहे" असं त्यांच्या तोंडावर सांगून आले. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती हात जोडून म्हणाली, "अहो, कुठंतरी शिबिराला तरी जा हो. चार दिवस भांड्यांना विश्रांती मिळेल."

साडू शिबिराला गेले. दोन हजार-एकच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा नाशकात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात मनःशांती मिळत असे, आणि लग्नाची तिथी नसेल तर मुबलक मिळत असे. त्या शिबिरात कुणीतरी त्यांच्या हातात एक झेरॉक्स कागद ठेवला. कागदावर माणसाचं चित्र, चित्रावर नऊ ठिपके. तळहाताची कड, भुवई, डोळ्याची बाजू, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीचं हाड, काखेखाली आणि टाळू. ताण आला, भीती वाटली, राग आला, की या नऊ जागी दोन बोटांनी टकटक करायची आणि जे वाटतंय ते तोंडानं बोलून टाकायचं. बस! नाव टॅपिंग. अक्का त्याला पहिल्या दिवसापासून ठोकाठोकी म्हणाली आणि तेच रूढ झालं. तुम्हीच विचार करा, तीस वर्षं ठोकण्यात घालवलेल्या आणि तीन महिने ठोकायला काही न मिळालेल्या माणसाला कुणीतरी येऊन सांगतं की माणसंसुद्धा ठोकता येतात! त्या संध्याकाळी साडू घरी आले ते रिक्षावाल्याला ठोकूनच.

पहिला पूर्ण प्रयोग माझ्यावर झाला. नऊ जागा पाठ व्हाव्यात म्हणून त्यांनी अक्काच्या टिकल्यांचं पाकीट उघडलं आणि माझ्या तोंडावर, गळ्याशी, तळहातावर एकेक लाल टिकली लावून टाकली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी विसरून दार उघडलं, तर समोर सिलिंडरवाला. त्यानं मला पायापासून टाळूपर्यंत पाहिलं, टाळूवरची टिकलीसुद्धा पाहिली, आणि आवाज खाली आणून आदरानं विचारलं, "साहेब, घरी गोंधळ आहे का?" आतून साडू ओरडले, "त्यांना पण आत घ्या. सिलिंडर उचलून खांदे धरले असतील!" आणि खरंच घेतलं हो! तो बिचारा साडूंच्या सोफ्यावर बसून हनुवटीवर टकटक करून घेत होता आणि खाली त्याची गाडी हॉर्न देत होती.

आणि शास्त्र? ते साडूंच्या तोंडूनच ऐकावं. डोळे मोठे करून, आवाज घुमवून सांगायचे, "अहो, भीती वाटली ना, की शरीराला वाटतं वाघ आला. हृदय पळायला लागतं, श्वास आखूड होतो, पोट आवळतं, हात गार पडतात. आता शरीराला काय ठाऊक की समोर वाघ नाही, साहेब आहे? मग आपण काय करायचं? आपण हनुवटी ठोकायची. शरीर म्हणतं, अरेच्चा, खरंच वाघ असता तर हा माणूस इथं बसून हनुवटी ठोकत बसला असता का? पळाला असता! म्हणजे वाघ नाही. झालं, कारभार थंड!" मग खांदे उतरतात, श्वास लांब होतो, जांभई येते, कुणाला ढेकर येते, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. यातल्या ढेकरेवर साडूंचा विशेष जीव. समोरच्यानं ढेकर दिली की ते असे उजळून निघायचे, जसं काही त्यांनीच जेवू घातलंय.

हे सगळं चेष्टेवारी न्यायला मी तयारच होतो, पण त्या माणसाला जुन्या नोकरीची एक खोड होती. गळपट्टीच्या हाडावर ठोकताना ते मान तिरकी करून ऐकायचे. अगदी कान जवळ नेऊन. एकदा मी कचेरीतून परस्पर त्यांच्याकडे गेलो, तोंडभर हसत होतो, विनोद सांगत होतो, तर हे गळ्याखाली दोन टोले देऊन म्हणतात, "साडू, आज बद्द वाजताय. काय झालं?" माझ्या खिशात बदलीचा हुकूम होता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिथं, त्यांच्या बाकड्यावर, मी सगळं सांगून बसलो आणि वर तीन जांभया दिल्या. आता हे हाडाच्या आवाजावरून कळलं की माझ्या हसण्याच्या आवाजावरून, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

आमचे डॉक्टर जुने, खवचट. साडूंनी मला त्यांच्याकडे ओढत नेलं. आधी रक्तदाब मोजायला लावला, मग तिथंच नऊ जागा तीन वेळा ठोकल्या, पुन्हा मोजायला लावला. पारा खाली! साडूंनी अशी मान वर केली की दवाखान्यातले पेशंट उठून उभे राहायचे बाकी होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अहो, पाच मिनिटं नुसतं खुर्चीत बसवलं असतंत तरी उतरला असता." साडू टेबलावर वाकून म्हणाले, "डॉक्टर, पण नुसतं पाच मिनिटं बसतं कोण?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि बाहेरच्या पेशंटांना जरा थांबायला सांगून स्वतःची भुवई पुढे केली!

पण साडूंच्या कारकिर्दीचा कळस झाला तो येवल्याच्या एसटीत. आम्ही दोघे आणि दोघी बहिणी पैठण्या बघायला निघालो होतो. विंचूरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता गच्च भरलेला. आमचा ड्रायव्हर खाली उतरून एका ट्रॅक्टरवाल्याशी यथेच्छ भांडला आणि थरथरत परत येऊन बसला. साडूंनी हे पाहिलं मात्र, तीरासारखे पुढे गेले.

"ओ बाबा, हात नका लावू," ड्रायव्हर म्हणाला, "लय तापलंय डोकं."

"म्हणूनच आलोय. म्हणा, मला राग आलाय."

"म्हणायला कशाला पायजे? साऱ्या गाडीला दिसतोय ना!"

"तरी म्हणा. मोठ्यानं."

गाडी जागची हलत नव्हती, करमणूक दुसरी नव्हती. ड्रायव्हरनं राग आल्याचं जाहीर केलं, साडूंनी भुवईपासून सुरुवात केली. पहिल्या फेरीत त्याच्या मुठी सुटल्या. दुसऱ्या फेरीत खांदे उतरले. तिसऱ्या फेरीला त्यानं अशी दणदणीत ढेकर दिली की मागच्या सीटवरून टाळ्या पडल्या. साडूंनी वळून नमस्कार केला! आणि नेमका तेव्हाच रस्ता मोकळा झाला. गाडी निघाली. ड्रायव्हरनं एक जांभई दिली. मग दुसरी. मग तिसरी, डोळे मिटून. आता मात्र गाडीतला आनंद मावळू लागला. माझ्या पुढची एक म्हातारी आजी दांड्याला धरून उभी राहिली आणि ओरडली, "अय बाबा, झोपवलं का रं त्याला! आता जागा करायला कुठं ठोकायचं ते सांग!" साडूंनी घाईघाईनं कागद उघडला. सगळे ठिपके शांत होण्याचेच होते. जागं होण्याचा एकही नव्हता. कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून शेवटच्या सीटवर आणून बसवलं आणि बजावलं, "काका, येवल्यापर्यंत दोन्ही हात खिशात." विंचूरला गाडी थांबवून ड्रायव्हरला दोन कडक चहा पाजले, तेव्हा कुठं आम्ही पैठण्यांचं तोंड पाहिलं. उतरताना ड्रायव्हर मात्र हळूच म्हणाला, "बाबा, मान मोकळी झाली हां पण."

एवढ्या साऱ्या माणसांना ठोकलं, पण घरातली अक्का काही त्यांच्या हाती लागली नव्हती. "मला काही भीतीबिती वाटत नाही," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची. मग दोन हजार-पाच साली जिना चढताना तिला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, शस्त्रक्रिया करावीच लागेल, आणि वय, साखर पाहता धोका आहे, असं डॉक्टरांनी साडूंना समोर बसवून सांगितलं. माझा कथा रंगवण्याचा स्वभाव आहे, पण इथं तुमचा जीव टांगणीला लावणार नाही. शस्त्रक्रिया नीट झाली. अक्का आज खुटखुटीत आहे आणि परवाच तिनं मला मिसळ करून वाढली. साडू मात्र तेव्हापासून बदलले. आता कुणाला ठोकायला धावत नाहीत. कुणी काळजीत दिसला तर शेजारी जाऊन बसतात, "कसली भीती वाटते?" एवढं विचारतात, आणि ऐकत राहतात. चांगलंच आहे म्हणा. तरी कधीकधी त्यांच्याकडून परत येताना मला गळ्याखाली काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि रिक्षात बसल्यावर मी आपला स्वतःच दोन बोटांनी जरा टकटक करून घेतो.

शस्त्रक्रियेच्या त्या सकाळी अक्काला ट्रॉलीवर घेतलं, तेव्हा आम्ही सगळे साडूंकडे पाहत होतो. आदल्या दिवशी त्यांनी रुग्णालयाचा अख्खा मजला ठोकून काढला होता. नर्ससुद्धा म्हणाली, "काका, दोन मिनिटं आहेत. करा ना ते तुमचं." आणि गंमत म्हणजे अक्कानं, आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून डोळे मिटून चेहरा पुढे केला. साडूंनी हात उचलला. बोटं तिच्या भुवईपर्यंत गेली आणि तिथंच लटलट कापायला लागली. एक टोला काही पडेना. तीस वर्षं जो हात चुकला नाही, तो हात त्यांनी मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. अक्कानं डोळे उघडले, पाहिलं. ट्रॉली निघाली. साडू शेजारून चालत होते. ऑपरेशन थिएटरचं दार आलं, नर्सनं त्यांच्या छातीवर हात ठेवून थांबवलं, ट्रॉली आत गेली, आणि दार मिटता मिटता, ज्यानं साऱ्या नाशिककडून आपापली भीती मोठ्यानं वदवून घेतली होती पण स्वतः कधी वदला नव्हता, तो माणूस सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अगं, मला भीती वाटतेय गं!"

आतून ट्रॉलीची चाकं थांबल्याचं ऐकू आलं. आणि मग अक्काचा आवाज आला, भाजी घ्यायला वळता वळता नवऱ्याच्या हातात पिशवी देताना असतो तसा, जरासा वैतागलेला, अगदी रोजचा:

"बसा तिथंच. मी आलेच."