सळईला लावलेला कान

आमच्या घरमालक काकांनी धरमपेठेतल्या आपल्या लॉनला जेवढं पाणी पाजलं, तेवढं उन्हाळ्यात अख्ख्या नागपूरच्या वाट्याला येत नसेल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः खणून गवताखाली पाइपांचं जाळं पुरलं होतं. सांधे गळू नयेत म्हणून सुतळी आणि सफेदाही त्यांनीच लावला. प्लंबरला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. सकाळी सहाला ते विहिरीच्या टाकीचा कॉक उघडत आणि गवतातून कारंजी उडत. त्यातली दोन थेट आमच्या दोरीवरच्या वाळत्या कपड्यांवर. आईने तक्रार केली तेव्हा म्हणाले, दोरी हलवता येते, पाइप नाही.

रविवारी गळतीची तपासणी. घरातले सगळे नळ बंद, पंखेसुद्धा बंद. आईची भांडी राखेतच, बाबांच्या गालाला साबण तसाच. काका एक लांब सळई जमिनीत पाइपाला टेकेपर्यंत खुपसत, वरचं टोक कानाला लावत आणि डोळे मिटत. गळत असेल तर पाइप बोलतो म्हणे. त्यांचा पाइप कधीच बोलला नाही.

बोलली ती माझ्या खोलीची भिंत. लॉनकडच्या बाजूने गुडघाभर ओल चढली, गिलावा सुटला, खालच्या फळीवरची कॉलेजची पुस्तकं फुगली. बाबांनी सांगून टाकलं, पावसाळ्याआधी भिंत वाळली नाही तर रामदासपेठेत घर बघायचं. त्यांच्या बदल्यांमध्ये मला दार लावून बसता येईल अशी खोली पहिल्यांदाच मिळाली होती. पण हे मी कुणाला सांगणार? काकांनी बाबांना उत्तर दिलं, ‘‘माझा सांधा गळून राहिला? तुमची भिंतच रडकी आहे.’’

पुढच्या रविवारी त्यांची कंबर धरली. ‘‘ये वं पोरी,’’ त्यांनी मला हाक मारली. ‘‘तू बोलत नाहीस, म्हणजे आयकत असशील.’’ रस्त्यावरच्या लोकांदेखत गवतात गुडघे टेकायची मला भयंकर लाज वाटली. भिंतीजवळ सळईला कान लावला, तर आत स्टोव्ह पेटल्यासारखा फरफर आवाज. कुणालाही आला असता. मागच्याच रविवारी ह्याच जागी काका ‘‘काही नाही’’ म्हणाले होते. मग आठवलं, मागून हाक मारली तर ते कधी वळत नाहीत, आणि त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या आम्ही आमच्या स्वयंपाकघरात ऐकतो.

ते माझ्याकडे बघत होते.

‘‘इथेच आहे काका,’’ मी जरा मोठ्याने म्हटलं. ‘‘पण आवाज फार बारीक आहे. पटकन कळत नाही.’’

‘‘मले शंका होतीच,’’ ते गवताकडे बघत म्हणाले.

सांधा दुरुस्त झाला, भिंत वाळली, घर राहिलं. आणि माझे रविवार गेले. परीक्षा असो, ताप असो, सळई माझ्या हातात. ते डॉक्टरसारखे मागे हात बांधून उभे, मी कंपाउंडर. मी मनातल्या मनात किती चडफडले असेन.

पुढे मला अमरावतीला शिकवायची नोकरी लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर लॉन वाळून चटई झालेलं. कॉकला तार गुंडाळलेली. माझ्या खोलीची भिंत मात्र कोरडी ठणठणीत.

व्हरांड्यात बसलेल्या काकांसमोर जाऊन मी विचारलं, पाणी का बंद केलं?

‘‘तुझी भिंत भिजली असती,’’ ते म्हणाले. ‘‘आयकाले कोण होतं?’’

मी कॉकपाशी बसून तारेचा पीळ सोडवायला लागले. सुट्टीत रविवार सहाच होते.