संजूला विचारणे

उत्तमदादा गेल्याचा निरोप मला व्हॉट्सॲपवर आला आणि मीटिंग संपेपर्यंत मी तो उघडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय तेही ह्याच धाटणीचं आहे. घरच्या ग्रुपवर वीस-पंचवीस मेसेज दिसत होते. कुणाचा तरी वाढदिवस असेल म्हणून मी बोटाने खाली सरकवले. तासाभराने उघडलं, तर दादाचा फोटो आणि खाली हात जोडलेल्यांची रांग… पुण्याहून वारंगा फाट्याला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. ‘वाट पाहिली रे तुझी,’ असं एकानेही म्हटलं नाही. माझी वाट पाहायची सवय तिथे कुणाला उरली नसावी.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. फाट्यावर त्याचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. माझे वडील मी दोन वर्षांचा असताना गेले. मला सांभाळलं, शिकवलं ते दादाच्या आईवडिलांनी, म्हणजे आबांनी आणि मोठ्या मायने. आबा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जन्माची सगळी हकीकत वह्यांत लिहून काढली आणि दादाने ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप केली. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, वाचायचं राहून गेलं. मग आबा गेले, वह्यांना वाळवी लागली, तो कॉम्प्युटरही गेला. फाइली तेवढ्या उरल्या. पण ज्या सॉफ्टवेअरवर त्या टाइप केल्या होत्या ते नव्या मशीनवर चालेना. फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के, असा नुसता कचरा दिसायचा.

पन्नाशी ओलांडलेला हा माणूस मग प्रोग्रामिंग शिकला. बारावी नापास, इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं, आणि तोवर दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला जायचा. एक हात मशीनला बांधलेला, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर हिंदीतले व्हिडिओ. तिथे तो स्ट्रिंग शिकला. मजकूर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी एकापुढे एक ठेवलेली चिन्हं, ती मोजता येतात, तोडता येतात, जोडता येतात, एक काढून दुसरं घालता येतं. हे कळलं त्या दिवशी त्याने मला फोन केला.

“संजू, जुन्या फॉन्टमधी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, बराबर? मंग मी ती उचलून अक्षराच्या मागं नेऊन ठेवून राहिलो. जमलं की रे.”

“भारी, दादा,” मी म्हणालो. मी तेव्हा पार्किंगमध्ये जागा शोधत होतो.

“पन एक तकलीफ हाय. अर्धं अक्षर बदललं की त्याच्याशी जोडलेलं पूर्ण अक्षर मोडून पडतंय. ते नीट केलं की तिसरंच बिघडतंय. काहून होत असन?”

“मेल कर. बघतो.”

त्याने मेल केला, प्रोग्राम आणि त्यातून निघालेला आबांचा मजकूर जोडून. मी बघितला नाही. दोन वर्षांत त्याने तो चार वेळा पाठवला, दर वेळी वर दोन ओळी: ‘वेळ भेटला तर पहा. घाई नाही.’ त्या काळात मी ऑफिसात नव्या पोरांना हाच विषय शिकवत होतो, ह्याच चुका दाखवत होतो, आणि त्यांच्याकडून शाबासकी घेत होतो. नसेल वेळ, असं तुम्ही म्हणाल. होता. वेळेला काय धाड भरली होती? मोबाइलवर क्रिकेट बघायला होता, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून भांडायला होता. खरं सांगायचं तर मला वाटायचं, हे दादाचं आजारपणातलं खूळ आहे, करू दे बिचाऱ्याला. बिचारा म्हटलं की आपलं काम संपतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषणं झाली. ज्यांनी उभ्या जन्मात त्याला चहा विचारला नाही, ते त्याला ‘कॉम्प्युटरचा जादूगार’ म्हणाले. मीही बोललो. दादामुळे मी घडलो वगैरे. लोकांनी माना हलवल्या. माझी मलाच किळस आली, पण माइक हातात होता, म्हणून बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याचा लॅपटॉप समोर आणून ठेवला. “ह्यात काय काय हाय ते तुमीच बघा, भावजी. आम्हाला काय कळतंय,” म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

प्रोग्राम उघडला. तीनशेच्या वर जोड्या त्याने एकेक तपासून लिहिल्या होत्या, ह्या चिन्हाच्या जागी हे अक्षर. त्यात एकही चूक नव्हती. चूक होती ती क्रमात. एकाच चिन्हाचं अक्षर तो आधी बदलत होता, त्यामुळे तीन चिन्हं मिळून होणारं अक्षर पुढे सापडायचंच नाही, त्यातला एक तुकडा आधीच गेलेला. मग तो मोडलेलं जोडायला नवी ओळ लिहायचा, तिने बिघडलेल्यासाठी आणखी एक. अशा सहाशे ओळी डागडुजीच्या. आणि जागोजागी, कॉम्प्युटर वाचत नाही पण माणसासाठी लिहून ठेवतात तशा टिपणाच्या ओळी: ‘इथं पुन्हा तेच. संजूला विचारणे.’ ‘हे असं का, संजूला विचारणे.’ खाली खाली जात राहिलो. शेवटी शेवटी नुसतंच ‘संजू’…

सगळ्यात लांब तुकडा आधी बदलायचा, आखूड नंतर. बस. एका ओळीचं काम. मी ती ओळ घातली, त्याच्या सहाशे ओळी काढून टाकल्या आणि चालवलं. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात आबांचं सगळं पुस्तक मराठीत येऊन बसलं होतं. फोनवर सांगितलं असतं तरी त्याने केलं असतं.

त्याच्याच दुकानात, त्याच्याच प्रिंटरवर ते मोठ्या टायपात छापलं आणि मोठ्या मायकडे घेऊन गेलो. तिची नजर आता अधू झाली आहे, आबांनीच तिला लग्नानंतर वाचायला शिकवलं होतं. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातून… ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिने गठ्ठा चाचपला आणि माझ्याकडे परत सरकवला.

“मला कशापायी? मला उत्तमनं दोन डाव वाचून दाखवलंय.”

“कसं वाचलं? अक्षरंच मोडलेली होती ना, माय.”

“त्याला येत व्हतं वाचता. वीस वर्सं त्याच फॉन्टात टाइप केलं त्यानं. कंस दिसला की कोणतं अक्षर, टक्का दिसला की कोणतं, समदं त्याला तोंडपाठ. घडाघडा वाचायचा.”

“मग एवढा खटाटोप कशासाठी केला त्याने?”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“तुझ्यासाठी. तुझ्या बापाचं हाय त्याच्यात. चांगली दहा-बारा पानं हायत. मी म्हनलं, अरं फोनवर वाचून दाखव की त्याला. तर म्हने, त्याच्यापाशी धाडलंय, आर्धंमुर्धं लागतंय वाचायला, उघडलं की दिसन त्याला. रोज इचारायची मी, उघडलं का रे संजूनं? शेवटी शेवटी इचारायचं सोडून देलं.”

मी कागद चाळले. तीसेक पानं उलटल्यावर वडिलांचं नाव दिसलं. पुढच्या वाक्यात ते नऊ वर्षांचे होते आणि पुसेगावच्या बाजारात हरवले होते.