गवत राखणाऱ्या अक्का

रस्त्याच्या कडेला गाजर गवताचं झुडूप दिसलं की अक्का थांबायच्या. पदर नाकाला लावायच्या, अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या टोकानं एक पान उलटं करायच्या आणि पानाला विचारायच्या, "ऊटा आय्ता?" बंगळुरात माणसं भेटली की एकमेकांना हेच विचारतात, जेवण झालं का म्हणून. अक्का ते पानामागच्या भुंग्यांना विचारत. पान कुरतडलेलं असलं की त्या खूश. नसलं तर आमच्याकडे अशा बघायच्या, जणू आम्हीच भुंग्यांना उपाशी ठेवलंय.

आम्ही म्हणजे कृषी खात्यातले त्यांचे सहकारी. अक्का तिथे अधिकारी होत्या आणि मी प्रचार शाखेत पत्रकं, पोस्टरं लिहायचो. गाजर गवत तुम्ही पाहिलेलं असणारच. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं, आणि मोकळी जागा दिसेल तिथे मुक्काम. परदेशातून धान्याबरोबर आलं आणि इथलंच होऊन बसलं. अंगाला लागलं तर खाज, नाकात गेलं तर दमा. ते आवरायला सरकारनं मेक्सिकोहून एक भुंगा आणवला. मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट पिवळा, पाठीवर काळ्या रेघा. हे गवत सोडून दुसऱ्या कशाला तो सहसा तोंड लावत नाही.

आता या कार्यक्रमातली गंमत बघा. भुंगे सोडले की त्या जागेवरचं गवत कापायचं नाही, उपटायचं नाही, फवारायचं नाही. भुंग्यांना खायला तर हवं. पावसाळाभर त्यांनी खायचं, अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि थंडी आली की मातीत शिरून पुढच्या पावसापर्यंत झोपायचं. तोवर माणसांनी हाताची घडी घालून बसायचं. म्हणजे गवताचा नायनाट करायला नेमलेल्या अक्का निम्मं वर्ष गवताची राखण करत. गवत वाढवून पगार घेणारी सरकारातली एकमेव बाई, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, त्या म्हणायच्या, "तुझं पोस्टर वाचून एक तरी झाड मेलंय का ते सांग, निपाणी."

मी निपाणीचा, म्हणून निपाणी. अक्का माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. आमचा ड्रायव्हर कोलार होता आणि त्यांची सून पुणे. त्यांचं स्वतःचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथेच रुजलं. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कानडी आणि उरलेल्यांतले निम्मे इतके जुने, की मला अर्थ विचारावा लागायचा. तरी मला म्हणायच्या, "तू काय, बाहेरचा." मी म्हणायचो, "अक्का, बाहेरून आलेल्यांना उपटायचं काम तुमच्याकडेच आहे. स्वतःला सांभाळा." यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या आणि मग खोकायच्या.

एकदा आम्ही बसनं होसकोटेला चाललो होतो. अक्कांच्या मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला. बसला जोराचा ब्रेक लागला, झाकण उडालं आणि भुंगे बसभर झाले. एका बाईनं किंकाळी फोडली. अक्का उठून उभ्या राहिल्या आणि कंडक्टरलाही जमणार नाही अशा आवाजात त्यांनी कानडीत सांगितलं, की घाबरू नका, हे सरकारी भुंगे आहेत. लोक लगेच शांत झाले. सरकारी म्हटल्यावर ते काही करणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री पटली असावी. नंतर बराच वेळ अख्खी बस सीटखाली वाकून भुंगे शोधत होती. मला मात्र हलायची मनाई होती, कारण एक माझ्या कॉलरवर बसला होता.

अक्कांचा सगळा जीव महादेवपुऱ्यातल्या एका टेक पार्कमागच्या सरकारी मोकळ्या जागेत होता. तिथे त्यांनी पूर्वी कधी तरी भुंगे सोडले होते, आणि नंतर कोणी न सोडताही दर पावसाळ्यात ते मातीतून आपले आपण वर येत होते. ही साधी गोष्ट नव्हती. खात्यातल्या वरच्या लोकांचं मत असं होत चाललं होतं की भुंगे टिकत नाहीत, दरवर्षी पाळून सोडावे लागतात, त्यापेक्षा औषध फवारलेलं बरं. भुंगे पाळायची खोली बंद झाली होती आणि तिथे फवारणीचे पंप रचून ठेवले होते. अक्कांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

"यंदाचेही मातीत गेले आणि पुढच्या पावसाला वर आले ना," त्या म्हणायच्या, "की मग कोणी काही बंद करू दे. हे माझ्याविना चालतील."

टेक पार्कमधली माणसं त्या जागेच्या कडेला चहा प्यायला यायची. त्यांतला मास्क लावलेला एक तरुण एकदा चिडून म्हणाला, "मॅडम, आप वीड कंट्रोल करते हो या खेती?"

"थोडा रुको ना," अक्का म्हणाल्या. "तुमको जल्दी है, उनको भूख है. देखेंगे कौन जीतता."

एवढं बोलून त्यांनी पर्समधून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला आणि परत गवतात शिरल्या. हो, अक्कांना दमा होता आणि तो याच गवतानं दिला होता. डॉक्टर ओरडायचे. अक्का मान डोलवायच्या आणि दवाखान्यातून सरळ महादेवपुऱ्याला यायच्या.

पावसाळ्यात आमचं खातं गाजर गवत निर्मूलन सप्ताह करतं. त्या वर्षीचं पोस्टर माझंच होतं, ‘दिसेल तिथे उपटा’. महापालिकेच्या वॉर्डातल्या लोकांनी उद्घाटनासाठी जागा शोधली. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतील असा रस्ता हवा, मंडपाला सपाट कोपरा हवा आणि फोटोत भरगच्च दिसेल असं गवत हवं. असं जपून वाढवलेलं गवत त्या सगळ्या भागात एकाच ठिकाणी होतं. आणि पहिलं झाड उपटायला तज्ज्ञ पाहुण्या म्हणून बोलावलं कोणाला, तर अक्कांना. जागा कोणती हे अक्कांनी विचारलं नाही आणि वॉर्डानं सांगितलं नाही. न्यायला गाडी येणार होती, एवढं आम्हाला पुरलं. सरकारात आपलेच दात आणि आपलेच ओठ असतात, पण त्यांची आपसात ओळख नसते.

गाडी महादेवपुऱ्याकडे वळली तशा अक्का सीटच्या कडेला सरकून बाहेर बघू लागल्या. वाहतुकीत आम्हाला उशीर झाला होता आणि कार्यक्रम आमच्यावाचून सुरू झाला होता. एकसारखे टी-शर्ट घातलेली टेक पार्कमधली मंडळी मोठ्या उत्साहानं उपटत होती. जागा जवळजवळ मोकळी झाली होती. एका बाजूला गवताचा ढीग होता आणि तो पेटवायला एक माणूस खिशात काडेपेटी चाचपत होता. कोणी तरी पुढे येऊन अक्कांच्या गळ्यात हार घातला.

मला वाटलं, आता काही खरं नाही. अक्कांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या काडेपेटीवाल्याजवळ गेल्या.

"अण्णा, स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. "त्यात माझी माणसं आहेत."

मग त्या ढिगाशेजारी मातीतच बसल्या आणि एकेक पान उलटू लागल्या. लोकांना काही कळेना. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी प्रसंगावधान राखून जाहीर केलं, की आता मॅडम प्रात्यक्षिक दाखवतील. अक्कांनी बसल्या जागी माइक मागवून घेतला आणि सांगितलं, पान उलटा, रेघांचा भुंगा दिसला की हलक्या हातानं डब्यात टाका, अळ्याही टाका, घाई करू नका. डबे कोणाकडेच नव्हते. होते ते पाहुण्यांच्या नाश्त्याचे खोके, खारा बात आणि केसरी बात, म्हणजे उपमा आणि शिरा, भरलेले. ते रिकामे करायचं काम मी मनापासून केलं. उपटण्यासाठी आलेली सगळी माणसं मग दुपारपर्यंत भुंगे वेचत बसली. तो मास्कवाला तरुणही त्यांत होता. सर्वांत जास्त भुंगे त्याच्या खोक्यात निघाले आणि हे त्यानं तिथल्या प्रत्येकाला सांगितलं.

परत येताना गाडीत अक्का रडल्या. मांडीवर खोके असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात. मी रुमाल पुढे केला तर म्हणाल्या, "आधी झाकण धर."

प्रश्न असा होता की भुंगे ठेवायचे कुठे. सप्ताह चालू होता, दुसऱ्या कुठल्या जागेवर सोडले तर तिथेही माझं पोस्टर वाचून कोणी तरी पोचणार. अक्का मारतहळ्ळीला मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. तिथल्या बाल्कनीत सुनेच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. अक्कांनी त्यांतलं बेसिल आणि चेरी टोमॅटो काढले, मुळासकट आणलेलं गाजर गवत लावलं आणि वरून मुलाची मच्छरदाणी कापून बांधली.

"आई, सीरियसली?" सून म्हणाली. ती सॉफ्टवेअरमध्ये, शांत स्वभावाची, पण माणसाच्या शांतपणालाही हद्द असते. "माझं बेसिल काढून तुम्ही हे लावलंत?"

"पुणे, बेसिल दुकानात मिळतं," अक्का म्हणाल्या. "हे या आठवड्यात कुठे मिळणार?"

गवताला फुलं येऊ द्यायची नाहीत म्हणून अक्का रोज सकाळी जाळीत हात घालून कळ्या कात्रीनं खुडत. व्हायचं तेच झालं. दमा इतका वाढला की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी घरच्यांसमोर बजावलं, "घरात एक तर ही झाडं राहतील, नाही तर तुम्ही."

झाडं फेकायची हे सगळ्यांनी गृहीत धरलं. अक्कांनी घरी येऊन स्वतःची बॅग भरली. धाकटी बहीण म्हैसूरला होती, तिच्याकडे थंडीपर्यंत राहायचं ठरवून टाकलं. मुलगा चिडला, मी समजूत घालायला गेलो. अक्का म्हणाल्या, "डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. मी एक घेतली. यात चुकलं काय?" खात्यात रजा टाकली. निवृत्ती रजेतच झाली, त्यामुळे निरोप समारंभही राहिला. भाषण करायचं माझ्या वाट्याला आलं होतं.

जाताना त्यांनी कात्री सुनेच्या हातात दिली. ती वैतागली होती, मला फोनवर म्हणाली, "दोन दिवस बघणार आणि फेकून देणार." पुढे मी गेलो तेव्हा ती बाल्कनीत ओढणी तोंडाला बांधून कळ्या खुडत होती. रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर म्हैसूरला हजेरी द्यावी लागायची. "डावीकडची कुंडी दाखव. पान उलट. हां. पाणी फार घालू नकोस, पुणे." सून मला म्हणाली, "माझा मॅनेजरही इतका फॉलोअप घेत नाही." पण मी असताना कॉलची वेळ झाली, तेव्हा फोन तिनंच लावला.

दिवाळीनंतर थंडी पडली तसे भुंगे दिसेनासे झाले. एकेक करून मातीत गेले. गवत वाळलं, ते सुनेनं अक्कांच्या सांगण्यावरून मातीलगत कापलं. आता त्या कुंड्यांत पाहण्यासारखं काही नव्हतं. अक्का परवा येते म्हणाल्या. त्याच रात्री म्हैसूरला त्या झोपेतच गेल्या.

हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दम्यानं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऑफिसात लोक गवताला दोष देऊ लागले तेव्हा मला राग आला. अक्कांना मारायची गवताची प्राज्ञा नव्हती. मला त्यांची फार आठवण येते. ऑफिसात माझ्या पोस्टरांना आता कोणी नावं ठेवत नाही आणि त्यामुळे ती आणखी वाईट होत चालली आहेत.

नवीन वर्षात अक्कांच्या मुलानं इलेक्ट्रॉनिक सिटीत घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेलो. ट्रकवाल्यांपैकी एकानं बाल्कनीतली एक कुंडी उचलली, आत पाहिलं आणि माती ओतून टाकायला मोरीकडे निघाला.

सून आतून धावत आली. "बेड, बेड," ती म्हणाली. एवढं कानडी तिला येत होतं, नको म्हणण्यापुरतं.

"अम्मा, इदरल्ली एनू इल्ला," तो म्हणाला. "बरी मण्णू." यात काही नाही, नुसती माती.

तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. कुंडी त्याच्या हातातून घेतली, ट्रकमध्येही ठेवू दिली नाही. गाडीत पुढच्या सीटवर बसून तिनं ती मांडीवर घेतली आणि दुसरी मागे माझ्या मांडीवर दिली. माझी पँट मातीनं भरली. मुलगा गाडी चालवत होता. उड्डाणपुलावर चढल्यावर त्यानं सवयीनं वेग वाढवला, तशी तिनं दोन्ही हातांनी कुंडी पोटाशी धरली.

"हळू चालव," ती म्हणाली. "झोपलेत ते."

मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो डाव्या बाजूला आला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत आम्ही तसेच हळूहळू गेलो.