खाडाखोड नसलेली वही

माझी ताई सत्तावीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड कापते. चाळीस थरांचा गठ्ठा, त्यावर खडूची रेघ आणि त्या रेघेवरून फिरणारं मशीन. तिचा हात चुकत नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

गेल्या वर्षी मात्र एका गठ्ठ्यातल्या सगळ्या बाह्या अर्धा इंच आखूड कापल्या गेल्या. मालक दोन वाक्यं बोलले आणि विसरले. ताई काही विसरली नाही. एकेक रेघ ती सात-सात वेळा मोजायला लागली. मशीन धरलं की हात थरथरायचा. काम तुंबलं. शेवटी मालक म्हणाले, "बाई, दोन महिने बघू. नाहीतर तुम्ही बटणांच्या टेबलावर बसा." कटिंगचं टेबल गेलं असतं तर ताई मोडून पडली असती.

डॉक्टरांनी तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी नाक मुरडलं. गप्पा मारून हाताची थरथर थांबते होय?

बाईंनी विचारलं, "रेघ मारताना मनात काय येतं?"

"एकदा चुकले म्हणजे मी कामाचीच नाही."

"हे शंभरपैकी किती खरं वाटतं?"

"नव्वद."

मग वही सुरू झाली. डावीकडे तो विचार, उजवीकडे त्याला उत्तर, खाली आकडा. दर आठवड्याला आकडा उतरला. ऐंशी, सत्तर, साठ, पन्नास. हात मात्र जैसे थे. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तिला तोंडावर म्हणाले.

पाचव्या आठवड्यात मी सोबत गेले होते. बाईंनी वही पहिल्यापासून चाळली आणि म्हणाल्या, "ताई, यात एकही खाडाखोड नाही."

ताईनं मान खाली घातली. "आधी कच्चं लिहिते, मग यात उतरवते. आकडा दर वेळी दहानं कमी केला. बरं दिसतं."

"आणि मनातला आकडा?"

"नव्वदच."

मला हसू आवरेना. चुकण्याची भीती घालवायची वही हिनं एकही चूक न करता भरली होती. बाईही हसल्या. म्हणाल्या, "वही बरी झाली, तुम्ही राहिलात. उत्तरं पाठ करून हात थांबायचा नाही. ती तुम्हाला पटायला हवीत, आणि पटायला करून बघावं लागेल." मग त्यांनी मला बाहेर बसवलं.

चार दिवसांनी ताईनं मला शर्ट शिवून दिला. माझं आवडतं निळं कापड, आणि डावी बाही अर्धा इंच आखूड. मी चिडले. चांगलं ताडताड बोलले. मग भूक लागली, आम्ही जेवायला बसलो, आणि भाजी वाढून घेता घेता मी विचारलं, "माझ्या पँटची कंबर कधी सैल करून देतेस?"

ताई माझ्याकडे बघतच राहिली. उठली आणि वही घेऊन आली. बाईंसोबत ठरवलेला प्रयोग आणि त्याची भीती आदल्या पानावर लिहिली होती : 'बाही मुद्दाम आखूड कापायची. धाकटी पुन्हा माझ्याकडून काही शिवून घेणार नाही. तिच्या मनातून मी उतरेन.' हे वाटत असताना हिनं कात्री चालवली होती. इतकं धाडस माझ्यात नाही, हे मी कबूल करते.

त्या पानाच्या तळाशी तिनं साठ लिहिलं. मग ते खोडून पंचावन्न केलं. शाई पसरली, तरी पान फाडलं नाही.

पुढे आकडा सरळ उतरला नाही. एकदा तर पुन्हा सत्तरवर गेला आणि त्या आठवड्यात हातही थरथरला. पण तो जसा खरोखर खाली आला, तसा हात स्थिरावला. पस्तीसवर आल्यावर ताई रेघ दोनदाच मोजायला लागली. टेबल तिचंच राहिलं.

गेल्या महिन्यात तिनं एका गठ्ठ्याचे खिसे उलट्या बाजूला कापले, या वेळी मुद्दाम नव्हे. ती स्वतःच मालकांकडे गेली आणि म्हणाली, "माझ्याकडून चुकलं. पुढचा गठ्ठा पाठवा."